ताईचा स्वतःचा व्हिसा
कोलकात्यात, बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई गोडा मसाला भाजायला लागली, की मला अमेरिकेतल्या ताईचा तो फोन आठवतो. ती नवऱ्याच्या व्हिसावर तिथे गेली होती. तो तिला मारायचा आणि वर धमकावायचा, “पोलिसांत गेलीस तर तुझा व्हिसा रद्द करवीन.” त्या सकाळी घरभर दगडफुलाचा आणि खोबऱ्याचा खमंग वास होता, खाली मासेवाला ओरडत होता, आणि ताई म्हणाली, “आई, मी तक्रार दिली. आता बायकांच्या आश्रयगृहात आहे.” आईच्या हातातलं उलथनं थांबलं. बाबा घाबरून म्हणाले, “आता तुला परत पाठवतील का गं?” “नाही बाबा. वकीलबाई म्हणाल्या, जो अशा गुन्ह्याला बळी पडला आणि जो तपासाला मदत करतो, त्याला वेगळ्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. नवऱ्याची सही लागत नाही. वर्षं मात्र लागतील.” आईने डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, “झोप लागते का?” “लागते गं. इथे खोलीला आतून कडी आहे.” वाट खरंच फार पाहावी लागली. गेल्या महिन्यात तो व्हिसा मंजूर झाला. ताई आता तिथल्या एका बालवाडीत शिकवते, आणि फोनवर इतकी बोलते, की आधी बाबाच थकतात.