युरोप बघून आलेला बर्फवाला

माझ्या धाकट्या बहिणीचा, एल्वाचा, नवरा तिमोतेओ ओकाम्पोस हा आमच्या पाराग्वारी गावातला बर्फवाला. बसथांब्यामागे त्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याची शेड, सारखं खोकणारं एक यंत्र आणि लाद्या ओढणारी तीन माणसं. पण हा धंदा आमच्या गावात बुडणं शक्य नाही. दुपारच्या उन्हात कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. अशा वेळी शिंगाच्या पेल्यात येर्बाची पानं भरायची, वर बर्फाचं पाणी ओतायचं आणि एकाच नळीनं सगळ्यांनी आळीपाळीनं तेरेरे ओढायचा, एवढं एकच काम माणसाला जमतं. त्या तेरेरेवर तिमोतेओनं घर बांधलं, आणि घर बांधून झाल्यावर त्याला गावाची लाज वाटायला लागली.

त्याची मुलगी मिर्ना पंधरा वर्षांची झाली. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नाच्या खालोखाल. मांडव, बँड, अख्ख्या गल्लीला जेवण. तिमोतेओनं दहा-बारा माणसं बोलावली आणि जेवण अर्ध्यावर आल्यावर उभा राहिला.

"नाचगाणं एका रात्रीत संपतं," तो म्हणाला. "मी माझ्या मुलीला युरोप दाखवणार आहे. चांगलं वर्षभर."

"वर्षभर? तिकडे कोण आहे तुझं?" मी विचारलं.

"संस्कृती आहे, सिरिला."

"आणि पोरीची शाळा?"

"युरोपपेक्षा मोठी शाळा कुठली?"

फार्मसीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. एल्वा मात्र ताटातल्या भाताचे ढीग करत बसली होती. आमच्या वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेलं कुरण या संस्कृतीसाठी विकलं गेलं होतं, हे मला भांडी घासताना तिच्याकडून कळलं. निघताना कारखान्याच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन तिमोतेओ म्हणाला, "यंत्राला तेल घालत जा, आणि माणसांना लाडावून ठेवू नकोस."

मी तेल घातलं आणि माणसांना लाडावलंही. यंत्र कमी खोकायला लागलं.

तिकडून चित्रांची कार्डं यायची. फार्मसीवाल्याला मनोरा, पाद्रीबाबांना चर्च, नगरपालिकेत एक पूल. मला एकच आलं, त्यावर कारंजं होतं आणि मागे लिहिलं होतं, "यंत्र कसं आहे?"

दहा महिन्यांनी, ऐन डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, ते परतले. तिमोतेओ बसमधून उतरला तो गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट घालून. हनुवटीवरून घाम टपकत होता, तरी कोट काढेना. त्या दिवसापासून त्याचं प्रत्येक वाक्य 'तिकडे'नं सुरू व्हायला लागलं. तिकडे पाव कुरकुरीत, तिकडे माणसं हळू बोलतात, तिकडे रस्त्यात कोणी थुंकत नाही. ऐकणारे मान डोलवायचे आणि आपला बर्फ घेऊन जायचे.

कारखान्याच्या फाटकाशी एक लांब बाक होतं. तिथं रोज दुपारी त्याची माणसं, टॅक्सीवाले आणि सर्विआन न्हावी तेरेरेला बसायचे. तिमोतेओ एकदा त्यांच्यासमोर कॉफीचा कप घेऊन उभा राहिला.

"एका नळीला आठ तोंडं," तो म्हणाला. "एकमेकांचं उष्टं ओढता, किळस कशी येत नाही? तिकडे ज्याचा त्याचा कप असतो."

"मग ते बर्फ कशात घालतात?" सर्विआननं विचारलं.

"तिकडे बर्फ लागत नाही."

"असं होय. मग तुम्ही दहा महिने तिकडे जगलात कशावर, मालक?"

हसू दाबता न आल्यानं एकाच्या नाकातून तेरेरे बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तिमोतेओनं बाक तिथून हलवलं होतं. मंडळी रस्ता ओलांडून समोर माझ्या अंगणातल्या आंब्याखाली येऊन बसली. बर्फ मात्र त्याच्याकडूनच घ्यावा लागायचा. दुसरा बर्फवाला नव्हता.

एल्वाही यायची, पण मागच्या दारानं. स्वयंपाकघरात बसून भराभर दोन-तीन पेले ओढायची, तहानलेल्या गुरासारखी. एका दुपारी मी तिला खोदून विचारलं.

"ताई, कसलं वर्षभर नि कसलं काय," ती म्हणाली. "तीन आठवडे बसमधून फिरलो. सकाळी एक गाव, संध्याकाळी दुसरं. याला कोणी ओळखेना, कोणी मालक म्हणेना. हॉटेलातला पोऱ्या याच्याकडे बघायचासुद्धा नाही. चौथ्या आठवड्यात हाच म्हणाला, घरी जाऊ."

"मग आला का नाहीत?"

"गावात वर्षभर सांगून निघाला होता ना. लोक हसतील म्हणाला. मग माद्रिदला दोन खोल्या घेतल्या, पाचव्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोर भिंत. मिर्ना टीव्ही बघायची, मी न्हाणीघरात कपडे धुवायची."

"आणि तो?"

"तो रविवारची वाट बघायचा."

माद्रिदच्या एका बागेत रविवारी आपल्याकडच्या बायका जमायच्या. तिथल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या. घरून मागवलेली येर्बा आणायच्या, आपल्या ग्वारानी बोलीत बोलायच्या. त्यातली एक आमच्याच गावची होती, चिपाचे पाव विकणाऱ्या रामोनाची मुलगी बेनिता. तिमोतेओ सगळ्यांच्या आधी जाऊन बाकावर बसून राहायचा. पहिल्यांदा ग्वारानी कानावर पडली तेव्हा तो रडला होता.

"त्यांच्याच नळीनं प्यायचा?" मी विचारलं.

"मग काय. पेला यायला उशीर झाला तर हात पुढे करायचा." एल्वा हसली आणि तिनं लगेच दाराकडे बघितलं. "कोणाला सांगू नकोस, ताई."

मी सांगितलं नाही, तिच्याकडे बघून. त्याच्याकडे बघून मी पाणीसुद्धा दिलं नसतं. पण तोवर मी त्याला नुसता मूर्ख समजत होते, आणि मूर्ख माणूस घरात चालवून घेता येतो.

जानेवारीत बेनिता आईला भेटायला आली. घरी पाहुणे जमले होते म्हणून बर्फ न्यायला ती स्वतःच कारखान्यावर आली. फाटकात रांग होती. मीही डबा घेऊन रांगेत होते. तिमोतेओ दारात कप घेऊन उभा होता. त्याला बघून तिचा चेहरा फुलला.

"काका, कसे आहात? बागेतली तुमची जागा आम्ही अजून धरून ठेवतो. सगळ्याजणी तुमची चौकशी करतात."

रांगेतली डोकी वळली. तिमोतेओनं तिच्याकडे परकी वस्तू बघावी तसं बघितलं.

"तुझी काहीतरी चूक होतेय, बाई," तो म्हणाला. "मी तिकडे कोणत्याही मोलकरणीला ओळखत नव्हतो."

बेनिताला आधी थट्टा वाटली. ती हसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हसू हळूहळू ओसरलं.

"असेल तसं," ती म्हणाली. "अर्धी लादी द्या."

आतून एल्वा बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"बेनिता, हा विसरला असेल. मी नाही विसरले. मिर्ना तापानं फणफणली होती तेव्हा कामावर खाडा करून तू औषध आणलंस. हा खोलीत बसून दैवाला दोष देत होता."

तिनं बेनिताचा हात धरला आणि तिला घेऊन रस्ता ओलांडला, सगळ्यांदेखत, सरळ माझ्या आंब्याखाली. मी पेला भरला तो पहिल्यांदा बेनिताला दिला. लादी तिकडे दारातच पाझरत राहिली.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त सर्विआननं दाढी करताना विचारलं, "मालक, तिकडे बागा रविवारी उघड्या असतात ना?" त्यानंतर तिमोतेओ घरीच दाढी करायला लागला, आणि गालावर कापल्याच्या खुणा घेऊन फिरायला लागला. बेनिता महिनाअखेरीला परत गेली. मिर्ना आपल्याहून लहान मुलींच्या वर्गात बसली. एल्वा आता रोज पुढच्या दारानं यायची, आणि घरी त्याच्याशी कामापुरतं बोलायची.

फेब्रुवारीतल्या एका जळत्या दुपारी तो आला. कोट नव्हता. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी होती, स्वतः वाहून आणलेली. ती ठेवून तो कडेला बसला. कोणी सरकून जागा दिली नाही, कोणी उठूनही गेलं नाही. पाणी मी घालत होते. त्याची पाळी आल्यावर मी पेला पुढे केला. तळाशी घुरघुर होईपर्यंत त्यानं ओढलं, डोळे मिटून. परत देताना म्हणाला, "आभारी आहे."

आमच्यात आभार मानले की त्याचा अर्थ पुरे, आता नको. नाही तर कोणी काही बोलत नाही, पेला फिरत राहतो. त्याला तिकडची सवय लागली होती, हे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही कळत होतं. मी त्याचा शब्द धरला. पुढच्या प्रत्येक फेरीत त्याला वगळून पेला एल्वाला दिला. दर वेळी त्याचा हात थोडा पुढे यायचा आणि मांडीवर परत जायचा. एल्वा बघत होती, आणि पेला घेत होती. बर्फ संपल्यावर तो ओलं पोतं उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. या खेपेला पेला परत देताना तोंड बंद ठेवलं, म्हणून पुढच्या फेरीतही मी भरून दिला. अजूनही येतो, अजूनही देते. मी त्याच्याशी बोलत मात्र नाही.