डावा खालचा कोपरा

फोटोग्राफरच्या कपाटात मेलेले सेल साठतात. टाकून द्यायचे असतात, पण कधीतरी जीव धरतील या आशेवर कुणी टाकत नाही. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. जळगावात नानांच्या स्टुडिओबाहेर चहाला उभे राहिलो की प्रत्येकाच्या खिशातून एकेक निघतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजेचा धंदा आहे. नीट ऐकलं तर कळतं की सगळे किस्से भीतीचे आहेत. आम्ही पावसाला भितो, मेमरी कार्डाला भितो, नवरदेवाच्या मामाला भितो. आणि नानांनी नवा कॅमेरा घेतल्यापासून आम्ही एका लेन्सला भितो.

माझ्या, म्हणजे बापूच्या, सांगण्यात मीठ जरा जास्त पडतं, हे मित्रांना ठाऊक आहे. शेवटच्या किश्श्यात मात्र मी चिमूटभरही टाकलेलं नाही. गरजच पडली नाही.

*

नाना आमच्यातले सगळ्यात जुने. दुसऱ्यांची लग्नं काढता काढता त्यांचे केस पांढरे झाले. त्यांनी साठ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "लेन्स कोणता देऊ?"

नाना म्हणाले, "लेन्स घरचा आहे."

घरचा म्हणजे त्यांचा जुना वाइड लेन्स. आम्ही त्याला 'म्हातारा' म्हणतो. जुन्या कॅमेऱ्यावर म्हाताऱ्याने अर्ध्या जिल्ह्याची लग्नं काढली, कुणाची तक्रार नव्हती. नव्या कॅमेऱ्यावर चढवला, पहिला फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि नानांचं तोंड उतरलं. मधोमध सगळं झकास. कडेला गेलं की माणसं विरघळायला लागायची. सगळ्यात वाईट अवस्था डाव्या खालच्या कोपऱ्याची. तिथे बसलेली त्यांची सख्खी मेहुणी ओळखू येईना.

"कॅमेरा खराब दिला मेल्याने," नाना म्हणाले.

त्या दिवशी धुळ्याहून सलीमभाई आले होते. सलीमभाई जुने लेन्स उघडून साफ करतात, पारखतात, विकतात. त्यांनी फोटो बघितला, चष्मा पुसला, परत बघितला.

"कॅमेरा बरोबर आहे नाना. तुमचा लेन्स पहिल्यापासून चुकीचंच सांगत होता. आधीचा कॅमेरा बहिरा होता. याला सगळं ऐकू येतं."

नानांनी फोटो बंद केला. मग म्हणाले, "मेहुणीला दाखवू नका."

*

आता या कॅमेऱ्याला शोभेल असा लेन्स शोधणं आलं. सलीमभाईंनी एक धारदार लेन्स वापरून बघायला दिला. नाना तो घेऊन पारोळ्याच्या लग्नात गेले, मी मदतीला.

पंगती चालू असताना कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, फोटो मोठ्या पडद्यावर लावा. लावले. नवरीच्या गळ्यातला हार बैलगाडीच्या चाकाएवढा झाला. हार नवरदेवाकडच्यांनी घातलेला. त्यातल्या एका मण्याचा मुलामा उडाला होता आणि आतलं तांबं सगळ्या मांडवाला दिसत होतं.

मांडव इतका शांत झाला की पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. मग तीही ऐकू येईना. भांडण नवरीच्या मामापासून सुरू झालं आणि वरच्या पट्टीतच राहिलं. नाना आणि मी केटरिंगवाल्याच्या टेम्पोत पातेल्यांच्या मागे जाऊन बसलो. बाहेर कुणीतरी विचारत होतं, "फोटूवाला कुठे गेला?" आणि त्या आवाजात प्रेम नव्हतं.

ताडपत्री वर झाली. नवरदेवाचे आजोबा, हातात काठी. आम्ही डोळे मिटून घेतले.

आजोबांनी काठी उगारली नाही. नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "तुमले फोटू काढाले बलायं व्हतं, पंचनामा कराले नही."

नानांनी तो लेन्स परत केला. म्हणाले, "म्हाताराच बरा. निदान जीव घेत नाही."

*

पण म्हाताऱ्याला बुरशी लागलेली निघाली. लेन्सच्या काचेत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. सलीमभाईंनी ती साफ केली आणि बजावलं, "याला दमट जागी ठेवू नका. आणि बाकीच्या लेन्सपासून लांब."

नानांनी ते ऐकलं ते देवीची साथ आल्यासारखं. घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती, तर तांदळाचा डबा. म्हाताऱ्याला काच वर करून त्यात पुरलं आणि घरी सांगायला विसरले.

सकाळी वहिनींनी डबा उघडला. तांदळातून एक भला मोठा डोळा त्यांच्याकडे बघत होता. खिडकीचा उजेड त्यावर पडलेला आणि वहिनी वाकल्या तशी त्यात काहीतरी हललं.

किंकाळी आम्ही ऐकली नाही, पण नानांच्या शेजाऱ्यांनी ऐकली. वहिनी आजही डबा उघडण्याआधी झाकणावर टकटक करतात.

*

लेन्स तपासायची आमची रीत म्हणजे भिंत. विटांच्या सरळ भिंतीचा फोटो काढायचा, मोठा करायचा आणि चारही कोपऱ्यांतल्या विटा बघायच्या. जिथे विटा एकमेकींत मिसळल्या तिथे लेन्स कच्चा. बुरशी गेल्यावर म्हातारा सुधारला का, हे नानांना बघायचं होतं. वरणगावच्या बाजूला त्यांना जिल्ह्यातली सगळ्यात सुंदर भिंत सापडली. लांबलचक, सरळ, उन्हात न्हालेली. त्या भागात दारूगोळा बनतो हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. नानांना फक्त विटा दिसत होत्या.

चौथा फोटो काढेपर्यंत जीप आली. खाली उतरलेल्या साहेबांनी विचारलं, "कशाचे फोटो काढताय?"

"भिंतीचे, साहेब," नाना म्हणाले.

"भिंतीत काय आहे?"

"कोपरे बघायचेत."

 साहेबांनी आम्हाला जीपच्या सावलीत उभं केलं, कॅमेरा हातात घेतला आणि एकेक फोटो मोठा करून बघायला लागले. मला डोळ्यांपुढे बायकापोरं दिसायला लागली. नानांनी माझा हात धरला होता. लग्नातही त्यांनी कुणाचा एवढा घट्ट धरला नसेल.

साहेबांनी सगळे फोटो पुसले. कॅमेरा परत दिला.

"परत इथे दिसायचं नाही. आणि डावीकडे खाली विटा पार पुसट येतात. दुसरा लेन्स घ्या."

*

आता रावेरचं.

मुरलीधरभाऊ म्हणून केळीचे मोठे बागायतदार आहेत. त्यांना बाहेरदेशी माल पाठवायचा होता, म्हणून घडांचे फोटो हवे होते, झाडावरचे. कापणी उद्या, म्हणजे फोटो आजच. सलीमभाई धुळ्यात एक चांगला लेन्स बघून ठेवणार होते, तो अजून आमच्या हातात आला नव्हता. म्हणून कॅमेऱ्यावर म्हाताराच. नानांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून बागेत मी.

शेजारच्या शिवारातलं एक वासरू गेलं होतं. कुणी म्हणे बिबट्या, कुणी म्हणे कुत्री. मी मुकादमाला विचारलं. रमजान त्याचं नाव, तडवी भिल्ल, सातपुड्याच्या पायथ्याचा. तो हसला. "भाऊ, बिबट्या असता तं आमी कामाले आलो असतो का?"

वाइड लेन्सची खोड अशी, की घड मोठा दिसायला हवा तर त्याला नाक लागेल इतकं जवळ जावं लागतं. मी दोन ओळींच्या मध्ये पोटावर झोपलो. केळीच्या बागेत दुपारीही हिरवा अंधार असतो. भाऊंचं टिप्या नावाचं कुत्रं माझ्यासोबत पहिल्या ओळीपर्यंत आलं, तिथेच थबकलं आणि मग बांधावर जाऊन भुंकत राहिलं. मी काही फोटो काढले आणि बाहेर आलो.

पॅकिंगच्या शेडमध्ये नानांनी लॅपटॉप उघडला. त्या कॅमेऱ्याच्या फायली इतक्या जड की नानांचा लॅपटॉप एक फोटो उघडला की धापा टाकायचा आणि दुसऱ्याला मान टाकायचा. एक फोटो उघडला. घड असा आला होता की सालीवरचा ठिपका न् ठिपका मोजावा. भाऊ खूश. पण नानांना सवय. फोटो मोठा करून ते डाव्या खालच्या कोपऱ्यात गेले.

तिथे काहीतरी पिवळट होतं. त्यावर काळे डाग.

"वाळलेलं पान," मी म्हणालो.

"पानाला कान असतात का?" नाना म्हणाले.

आणखी मोठं केलं. नुसता लगदा. वाळलेल्या पानावर उन्हाचे कवडसे पडले तरी असंच दिसतं आणि बिबट्या बसला तरी असंच दिसतं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तर ते मुगाच्या दाण्याएवढं.

भाऊ वाकून बघत होते. "साठ मेगापिक्सेल म्हणता, अन् पान का बिबट्या ते समजत नाही?"

"कॅमेऱ्याला समजतं हो," नाना म्हणाले, "लेन्सला समजत नाही."

पहाटे ट्रक लागणार होता. रमजानची टोळी आत शिरणार होती आणि टोळीत सगळ्यात पुढे असते त्याची बायको, हमीदाअक्का. कोणता घड कापायचा ते हात लावून तीच सांगते. बिबट्या म्हटलं तर या बागेत कुणी पाय ठेवणार नाही आणि तयार माल झाडावर पिकून जाईल. पान म्हटलं, आणि ते पान नसलं, तर?

रमजान आता हसत नव्हता. "भाऊ, तुमी तठी होते. तुमाले काय वाटलं?"

मला काय वाटलं असतं? मी घडाकडे बघत होतो.

शेवटी रमजाननेच तोडगा काढला. "पान असंल तं सकाळी तठीच असंल." नानांनी सलीमभाईंना फोन लावला. "कोपऱ्यापर्यंत धारदार असेल तो लेन्स आणा. आणि तुमचा लॅपटॉपही. उजाडायच्या आत निघा."

सकाळी ट्रक उभा. टोळी बांधावर बसलेली, कोयते मांडीवर. सलीमभाई मोटरसायकलवरून धुळीने पांढरे होऊन उतरले आणि पिशवीतून लेन्स काढून माझ्या हातात दिला. माझ्याच, कारण कालची जागा फक्त मला माहीत होती. डबे बडवत, आरडाओरडा करत सगळे माझ्यासोबत पहिल्या ओळीपर्यंत आले. तिथून पुढे रमजान आणि मी. रमजानच्या हातात कोयता, माझ्या हातात कॅमेरा. कोयत्याला लेन्स निवडावा लागत नाही, याचा मला हेवा वाटला.

चिखलात माझ्या कोपरांचे ठसे तसेच होते. मी तिथेच झोपलो. कॅमेरा हलू नये म्हणून रमजानने माझ्या खांद्यावर गुडघा टेकवला. तोच घड, तीच चौकट. एक फोटो. पुढे जाऊन बघायची दोघांनाही इच्छा नव्हती. मागे वळून न बघता बाहेर आलो.

सलीमभाईंच्या लॅपटॉपवर फोटो क्षणात उघडला. नाना डाव्या खालच्या कोपऱ्यात गेले. काय लेन्स होता! ठिबकच्या नळीवरचा थेंब दिसत होता. खोडावरची रेघ न् रेघ दिसत होती. थेंबाखालची ओली माती दिसत होती.

पान नव्हतं.

"मी वाळकी पानं ठेवतच नाही," भाऊ हळूच म्हणाले. "मागच्याच आठवड्यात काढून टाकली बठ्ठी."

 नानांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी कालचं कार्ड घातलं आणि काल न उघडलेले फोटो ओळीने उघडायला लागले. सगळे मी एकाच जागेवरून, झोपूनच काढलेले. पहिल्यात कोपरा रिकामा. दुसऱ्यात तो पिवळा डाग. हाच आम्ही काल बघितला होता. तिसऱ्यातही डाग. पण आता तो कोपऱ्यात नव्हता. घडाच्या बाजूला सरकला होता आणि मोठा झाला होता.

"पुढचा दाखवा," सलीमभाई म्हणाले.

"पुढचा नाही. इथे बापू उठला."

भाऊंनी ट्रकवाल्याला हाताने 'जा' अशी खूण केली. ट्रक रिकामाच वळला. रमजान माझ्याकडे बघत होता.

"भाऊ, तुमी उठले काऊन?"

"ते कुत्रं भुंकून भुंकून डोकं उठवत होतं," मी म्हणालो. "त्याला ढेकूळ मारायला उठलो."

टिप्या शेडच्या दारात लोळत पडला होता. हमीदाअक्का उठली. आपल्या जेवणाचं फडकं सोडलं, त्यातली भाकरी काढली आणि सगळीच्या सगळी त्याच्या पुढ्यात ठेवली.