तूरुनने आधी केलेला फोन

तूरुन भांडखोर आहे, असं आमच्या बंदरावर सगळ्यांचं मत होतं. बेकरीत ती हसत पाव विकायची. पण कॉफीला येणाऱ्या मैत्रिणीला जरा उशीर झाला, की तिला वाटे, झालं, हिने मला टाकलं. मग मैत्रीण पोचायच्या आत तूरुनच नातं तोडून मोकळी. नवराही त्यातच तिला सोडून गेला. कोणी सोडून निघालं की ती स्वतःला इजा करून घ्यायची, आणि माणसं धावत परत यायची.

"ही नाटकं नाहीत," अखेर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. भाजलेल्या कातडीला फुंकरही झोंबते ना, तसं तुझ्या मनाचं आहे. नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, शिकावं लागेल."

दर आठवड्याला भरणाऱ्या उपचारगटात ती शिकली. भीती चढायला लागली की ओळखायची, तिला नाव द्यायचं, लगेच काही करायचं नाही. कधी जमलं, कधी पार फसलं. मग इस्पितळाने तिच्याशी करार केला: आवरेनासं वाटलं तर स्वतः फोन करायचा, बॅग घेऊन यायचं, दोन-तीन दिवस राहायचं. डॉक्टरांची परवानगी लागणार नाही. तूरुनने तो करार कधी वापरला नव्हता. जखम दाखवल्याशिवाय आपल्याला कोण आत घेणार, अशी तिची समजूत.

मग लेक एल्ड्रिड उत्तरेकडच्या निवासी शाळेला निघाली. बोट दुपारची. सकाळी ती लोकरी मोजे बॅगेत कोंबत होती, आणि स्वयंपाकघरात तूरुनला तीच भीती चढायला लागली. तिने इस्पितळात फोन लावला.

"खाट आहे. ये," वॉर्डातला परिचारक आस्ब्यर्न म्हणाला.

"काय झालंय ते विचारणार नाहीस?"

"न्याहारी केलीस का, एवढंच विचारतो."

आईच्या हातात बॅग बघून एल्ड्रिडचा चेहराच उतरला. "पुन्हा? आणि आजच? म्हणजे मी जायचं नाही, असंच ना, आई?"

"अगं, ऐक तरी..."

"सरळ सांग ना, राहा म्हणून!"

"तेच ओठावर आलंय," तूरुन म्हणाली. "म्हणून तर चाललेय. घरी थांबले तर तुला धक्क्यावर पोचू देणार नाही मी. काहीतरी करून बसेन. अजून काही केलेलं नाही, बघ."

एल्ड्रिड आईच्या हातांकडे बघत राहिली. "मग मी सोडायला येऊ तुला?"

"बोट चुकवायचीय का? आणि तो जाड स्वेटर घे, बावळट. तिकडचा वारा हाडं फोडतो."

लेक रडता रडता हसली.

दुपारी वॉर्डात बोटीचा भोंगा ऐकू आला. तूरुनने आपला मोबाइल काढून आस्ब्यर्नच्या हातात कोंबला. "मागितला तरी देऊ नकोस. नाहीतर तिला परत बोलावेन मी."

"मागितलास तर देणार. तुझा आहे. पण आधी थोडं बोलू."

"मग बोल काहीतरी. तुझ्या त्या रटाळ मासेमारीचं सांग."

बोट खाडीबाहेर पडेपर्यंत आस्ब्यर्न गळाला न लागलेल्या माशांबद्दल सांगत राहिला. तूरुन खुर्ची घट्ट धरून ऐकत होती. फोन तिने मागितला नाही.