खंडेनवमीची चार लिंबं

त्या वर्षांत माझ्या पर्समध्ये कायम एक-दोन इंडिकेटरच्या काचा असायच्या. नारिंगी, प्लास्टिकच्या, मोटरसायकलच्या. शाळेतल्या एका बाईंनी एकदा त्या पाहिल्या आणि विचारलं, "काय गं, गॅरेज काढलंस की काय?" मी म्हटलं, "वडील गिऱ्हाईक आणतात, मी दुरुस्ती बघते." सगळा स्टाफरूम हसला. मला मेलं हसूच येईना. त्या काळात मला कशाचंच हसू येत नव्हतं, इतकी मी दमले होते.

अप्पा तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. आम्ही कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं. त्यांचा उभा जन्म सरकारी नोकरीत गेला. ओरत्तनाडू, पापनाशम, तिरुवैयारु, सगळीकडे स्वतः गाडी हाकत फिरले, आणि एका कोंबडीलासुद्धा धक्का लागला नाही, हे ते आल्यागेल्याला सांगत. खरंही होतं. पण तेव्हा रस्ते रिकामे होते, आणि आमच्या गल्लीत चारचाकी एकटी आमचीच. मग कर्ज झटपट मिळायला लागलं, टीव्हीवर रोज नव्या मोटरसायकलच्या जाहिराती, आणि तीन-चार वर्षांत प्रत्येक उंबऱ्यापुढे एकेक मोटरसायकल तिरकी उभी. गल्ली होती तेवढीच राहिली. अप्पांची नजर मात्र निम्मी झाली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि उजवा कान जवळजवळ बंदच.

पहिली मोटरसायकल त्यांनी पाडली ती पोस्टासमोर. दुसरी भाजी मार्केटात. मग मी मोजायचं सोडून दिलं. माणसाला लागलं नव्हतं, एवढंच नशीब. कुणाचा आरसा, कुणाचा इंडिकेटर, कुणाचा लेगगार्ड वाकलेला. दर वेळी मी शाळेतून दमून यायची, मोपेड लावायची, आणि परत त्या माणसाच्या दारात माफी मागायला. आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक मला लांबूनच बघून विचारायचा, "अक्का, आज डावा की उजवा?"

अप्पांचं एक होतं. माया आली की मराठी, राग आला की तमिळ, आणि स्वतःची चूक असली की इंग्लिश. गाडीतून उतरून ते पडलेल्या मोटरसायकलकडे बघत आणि म्हणत, "इम्प्रॉपर पार्किंग." चोराच्या उलट्या बोंबा! पण समोरचा पोरगाही काय बोलणार? पांढरे केस, कपाळावर गंध, इस्त्रीचा शर्ट. तो बापडा उलट "सॉरी सार" म्हणायचा.

तुम्ही म्हणाल, किल्ली काढून का घेतली नाही. सोपं आहे म्हणायला. आमच्या घरांत वडिलांच्या हातातून काही काढून घ्यायची रीत नाही. ते देतील तेव्हा दोन्ही हातांनी घ्यायचं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. नोकरी संपलेली, मित्र एकेक करून गेलेले. घरात ते आणि मी. सकाळी फाटक उघडून गाडी बाहेर काढताना त्यांची पाठ जरा सरळ व्हायची, ती मला दिसायची. आणि आता लाज वाटते सांगायला, पण सांगतेच: लायसन्स पुन्हा करायची वेळ आली तेव्हा डोळ्यांच्या दाखल्यावर ओळखीच्या डॉक्टरची सही आणायला मीच गेले होते. डॉक्टरांनी अप्पांना पाहिलंसुद्धा नाही. मीही आग्रह धरला नाही.

तिसऱ्या वर्षी नवरात्राच्या आधी त्यांनी एका शिक्षिकेची उभी स्कूटर पाडली. तेव्हा मी मनाशी ठरवलं, आता बोलायचंच. मग वाटलं, सण तोंडावर आहे. खंडेनवमी होऊ दे, मग बोलू.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा. शस्त्रं कसली आता? एक गंजकी तलवार, विळी, अडकित्ता, माझी पेनं आणि गाडी. शेजारच्या तमिळ घरांचीही त्याच दिवशी आयुधपूजा. म्हणून गल्लीचा एक नेमच पडून गेला होता. सकाळी सगळ्यांनी आपापल्या मोटरसायकली धुऊन, चंदन-कुंकू लावून, झेंडूचे हार घालून एका बाजूला ओळीनं लावायच्या. आमच्या गाडीच्या चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची. गल्लीतल्या सगळ्यांत वडील माणसानं, म्हणजे अप्पांनी, गाडी पुढे घ्यायची. लिंबं फुटली, की मग बाकीच्यांनी आपापली लिंबं फोडायची. अप्पांच्या आधी कुणी किक मारत नसे. तो त्यांचा मान होता.

अप्पा नवं धोतर नेसून गाडीत बसले. मी चाकांखाली लिंबं ठेवली. हो, मीच ठेवली.

आता लिंबू फुटल्याचा आवाज तो केवढा? फट्ट. पण अप्पांचं म्हणणं, चारही फुटल्याचं कानांनी ऐकायचं, नाहीतर वर्ष चांगलं जात नाही. गाडी हातभर पुढे आली. चारही लिंबं फुटली, मी डोळ्यांनी पाहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांना मात्र काहीच ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं, लिंबू तसंच आहे. त्यांनी जोर दिला. लोक "पोदुम! पोदुम!" म्हणून ओरडायला लागले, पुरे, पुरे. अप्पांनी खिडकीतून हसून हात हलवला आणि आणखी जोर दिला.

गाडी डावीकडे गेली. पहिली मोटरसायकल दुसरीवर, दुसरी तिसरीवर, अशा सात मोटरसायकली हारांसकट आडव्या झाल्या. गाडी शेजारच्या दारापुढे अर्ध्या काढलेल्या कोलमवर जाऊन थांबली. कोलम म्हणजे आपली रांगोळी. पेट्रोलचा आणि लिंबाचा वास एकदम आला. मी धावले. अप्पांना काही झालं नव्हतं. ते उतरले, चष्मा पुसला, ओळीकडे बघितलं आणि म्हणाले, "टू क्लोज. दे पार्क्ड टू क्लोज."

शेजारचा तरुण, त्याची नवी मोटरसायकल सर्वांत खाली. जेमतेम दोन महिन्यांची. त्याचे डोळे भरले होते, पण तो म्हणाला, "असू द्या सार, सणाचा दिवस आहे." दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माणसं मोटरसायकली उचलायला लागली, कुणीतरी गाडी मागे ढकलली, आणि तेव्हा पुढच्या चाकाखाली मला एक डबा दिसला.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात शेजारणीचं, त्या तरुणाच्या बायकोचं, कोलमचं पीठ असायचं. पार चपटा झालेला. मी लिंबं ठेवत होते तेव्हा ती तिथंच उकिडवी बसून कोलम काढत होती, आमच्याकडे पाठ करून. ही गडबड झाली तेव्हा ती आतून पळत आली होती. मी विचारलं, "तू कुठं होतीस गं?" ती म्हणाली, "कुकरची शिट्टी झाली अक्का, गॅस बंद करायला गेले." आणि ती नवऱ्याच्या मोटरसायकलला हात द्यायला वळली. तिच्या काही ध्यानातही आलं नाही. मी तो डबा पदराखाली घेतला आणि घरी आले.

खरं सांगते, तो गटारात टाकावा असं मनात आलं होतं. कुणाला कळलं नसतं. सण गेला असता, आठ दिवस मेकॅनिककडे खेपा घातल्या असत्या, आणि अप्पांनी पुन्हा फाटक उघडलं असतं.

जेवताना अप्पांचं सुरूच होतं. हल्लीची पोरं, हल्लीचं पार्किंग, कुणाला शिस्त म्हणून नाही. मी सांबार वाढत होते. पळी पातेल्यात टाकली. मी उठले, डबा आणला आणि त्यांच्या पानाशेजारी ठेवला.

"हे काय?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले. "शेजारणीचा कोलमचा डबा. तुमच्या चाकाखाली होता."

"देऊ नवा आणून. त्यात काय?"

"ती तिथं बसली होती अप्पा. कुकर वाजला म्हणून उठली."

मला वाटलं, आता इंग्लिश येणार. नाही आलं. पानावरचा भात तसाच ठेवून ते उठले, हात धुतला आणि खोलीत जाऊन पडले. मला त्यांचा राग आला होता. त्याहून जास्त माझा आला होता.

संध्याकाळी शेजारीण दारात आली. "अक्का, माझा डबा पाहिलात का? सकाळी बाहेर ठेवला होता, कुणी उचलला देव जाणे." मागून अप्पांचा आवाज आला, तमिळमध्ये, पण रागाचा नव्हे.

"माझ्या गाडीखाली आला."

ती हसली. "अय्यो, एवढंच ना सार! जाऊ द्या, डब्याचं काय."

"डब्याचं नाही म्हणत मी."

ती हसता हसता थांबली. तिनं वळून आपल्या उंबऱ्याकडे पाहिलं, मग आमच्या गाडीकडे. हळूच चौकट धरली. अप्पा आत गेले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरून आईचा रांगोळीचा डबा घेऊन आले. आई गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी तिला दिला. "तुझ्या नवऱ्याला सांग, मी सकाळी येतो माफी मागायला. मुलीला पाठवणार नाही."

ती गेल्यावर त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मराठीत म्हणाले, "बाळे, मला दिसत नाही, ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक होतं ना? मग मागितली का नाहीस? मागितली असतीस तर मी दिली असती."

दिली असती की नसती, मला आजही माहीत नाही. पण मी मागितली नव्हती, हे खरं. तीन वर्षं मी त्यांचा मान राखत होते. आणि त्या तीन वर्षांत ती बाई रोज सकाळी आमच्या फाटकाकडे पाठ करून कोलम काढत होती.