काळा ॲम्प की बदामी ॲम्प

बल्लारपुरात माणसाकडे गिटारचा आवाज वाढवणारा एकही चांगला ॲम्प नसला तरी त्याचं काही अडत नाही. दोन आले की मात्र संसार अडतो.

माझ्याकडे दोन आले. मी कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत लगदा तपासतो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतो. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, हे उलटं सांगते.) लग्नाचे ऑर्केस्ट्रा, गणपती, खाणीच्या कॉलनीतली दुर्गापूजा, जिथे बोलावतील तिथे मी आजवर वाजवत आलो. त्या दुर्गापूजेतच बॅनर्जी साहेबांची गाठ पडली. साहेब खाणीत मोठे इंजिनिअर, आणि गिटार अशी वाजवायचे की मी त्यांच्या मागे बसून नुसता ताल धरायचो आणि तेवढ्यावरही घरी येऊन छाती काढून फिरायचो. निवृत्त झाल्यावर साहेबांची बोटं संधिवातानं आखडली. कोलकात्याला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं.

बांधाबांध झालेल्या रिकाम्या खोलीत दोन ॲम्प शेजारी शेजारी ठेवले होते. एक काळा, विलायती. दुसरा बदामी, अमेरिकन. हल्लीच्या ॲम्पमध्ये चिप असते. या दोघांत काचेचे व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसे. साहेब परदेशी नोकरीला होते तेव्हा त्यांनी हे घेतले आणि आपल्या विजेवर चालतील असे करून आणले. त्यांनी दोन्हींची बटणं दाबली, खिडकीचा पडदा ओढला आणि म्हणाले, "अब रुको."

आम्ही थांबलो. हळूहळू काचेच्या आत नारिंगी उजेड धरू लागला. मी नकळत बूट काढले. (आधीच काढले होते, हे नंतर लक्षात आलं. मी मोजे काढले.)

"एक तुम रखो," साहेब म्हणाले, "दूसरा बेटे के लिए जाएगा. लेकिन दोनों घर ले जाओ, ठीक से सुनो, फिर बोलो. ट्रक सोमवार को निकलेगा."

"साहेब, दोघांत चांगला कोणता?"

"ये तो ऐसा हुआ कि मेरे दो बेटों में अच्छा कौन."

साहेबांना एकच मुलगा आहे, पण त्या क्षणी मला ते पटलं.

आमचं क्वार्टर म्हणजे रांगेतलं घर, शेजारच्या चौधरी काकूंच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. व्हॉल्व्हचा ॲम्प हळू वाजवला तर काही कळत नाही, तो थोडा रेटावा लागतो. मी काळ्याचं बटण जरासं फिरवलं आणि एकच तार छेडली. भिंतीपलीकडे स्टीलचे डबे पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ चौधरी काकू दारात.

"भाऊ, सिलिंडर फुटला का?"

"नाही काकू, गिटार आहे."

"असं होय," काकू म्हणाल्या आणि माझ्याऐवजी सुनंदाकडे बघत राहिल्या, घरात कोणी आजारी असल्यावर बघतात तसं.

संध्याकाळी सुनंदानं तोडगा काढला. "माझ्या माहेरी घेऊन चला. तिथी घराला घर लागून नाई. मागं शेत, शेताच्या मागं जंगल. वाजवा किती वाजवायचं ते."

तिचं माहेर ब्रह्मपुरीच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात. शनिवारी सकाळी आम्ही गाडीनं ब्रह्मपुरीला उतरलो आणि तिथून जीपमध्ये बसलो. म्हणजे ॲम्प बसले, आम्ही लटकलो. काळ्या ॲम्पवर एक आजी कोंबडी घेऊन बसली.

"आजी, जपून. आत काच आहे."

"मी काय जड आहो काय?" आजी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "काय आहे यात?"

"बाजा आहे."

"वाजवनारे येऊन राह्यले का मागून?"

"मीच वाजवणारा."

आजीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोंबडी दुसऱ्या मांडीवर घेतली.

माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणतो, अंगणात वाटच बघत होते. जावई पहिल्यांदाच काहीतरी वजनदार घेऊन येत होता. मी दुपारीच काळा ॲम्प गोठ्याजवळच्या छपरीत मांडला. गावातली रिकामी माणसं जमली. सासूबाईंनी मागून आत डोकावून व्हॉल्व्ह पाहिले.

"एवढे दिवे कायले लावले आत? दिवसा?"

"दिवे नाहीत, मामीजी. त्यातूनच आवाज येतो."

"माय," त्या हळूच म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेतला.

मी बटण निम्म्यावर नेलं आणि सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला. असा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. तो छपरीतून निघाला, धानाच्या बांध्यांवरून सरळ जंगलापर्यंत गेला, झाडांना लागून परत आला आणि माझ्या छातीवर आदळला. झाडांवरची वानरं गप्प झाली. जमलेल्यांपैकी कोणी हललं नाही. मी स्वतः घाबरलो होतो, पण चेहरा असा ठेवला की हे माझं रोजचंच.

मामाजींनी गोठ्याकडे पाहिलं.

"आवाज चांगला आहे, जवाईबापू," ते अदबीनं म्हणाले. "बैल गेला."

खुंट्यासकट गेला होता. उरलेली दुपार अर्धं गाव बैल शोधत होतं. मीही शोधत होतो, पण मला पाहिलं की तो आणखी लांब पळतो असं लक्षात आल्यावर मला एका मोहाच्या झाडाखाली बसवून ठेवण्यात आलं. अखेर बैल शेजारच्या बांधीत, मानेपर्यंत हिरव्या धानात उभा सापडला. ज्यांची बांधी होती ते गृहस्थ मला एवढंच म्हणाले, "दुसरा बी वाजवनार आहा काय?"

दुसराही वाजवायचा होता. त्याच्यासाठी तर आलो होतो. बैलाला मामाजींनी गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं आणि दिवस मावळता मावळता मी अंगणात बदामी ॲम्प लावला. आता जवळ कोणी आलं नाही. गाव कुंपणापलीकडे उभं राहिलं, लेकरं आपापल्या आयांच्या मागे. ॲम्प तापला तशी घरातली मांजर येऊन त्याच्यावर बसली आणि डोळे मिटून घेतले. ओसरीतला बल्ब हळदीसारखा पिवळा जळत होता. वातावरण कसं जमून आलंय, असं मला वाटलं.

मी एक साधा सूर लावला. एकच.

तो सूर उमटला, आणि संपायच्या ऐवजी फुलत गेला. माझं बोट तारेवर नुसतं टेकलेलं होतं, पण आवाज आत कुठेतरी श्वास घेत होता. जोर दिला की तो दबायचा आणि दबून पुन्हा वर यायचा. जणू वाजवणारा मी नव्हेच, तो सूर मला ओळखत होता आणि मी काय म्हणणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी डोळे उघडले तर कुंपणापलीकडची माणसं हळूहळू अंगणात आली होती आणि खाली बसली होती. मांजर उठली नव्हती. ज्यांच्या धानात बैल गेला ते गृहस्थ सगळ्यांत पुढे होते.

आणि स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी होती. हाताला पीठ तसंच. लग्नापासून आजवर ती माझ्या गिटारला "तुमचा तो पाट" म्हणते, आणि मी वाजवायला घेतला की तिला हटकून पाखडायचं धान्य आठवतं. ती सगळं वाजवून होईपर्यंत तिथेच उभी राहिली. आणि जेवायला वाढताना माझ्या पानात दोनदा तूप पडलं.

"जवाईबापू," जेवताना मामाजी म्हणाले, "मले वाटलं कोनी रडून राह्यलं. पन दुःखानं नाई."

एवढं झाल्यावर निवडायचं काय उरलं? मी हात धुऊन साहेबांना फोन लावला.

"बदामी, साहेब."

"पक्का? काला एक बार गया तो गया."

"पक्का. साहेब, त्याच्यात जीव आहे."

साहेब म्हणाले, "तुमने सुना, तो ठीक है." रविवारी परत येऊन मी काळा ॲम्प त्यांच्या घरी पोचवला. सोमवारी ट्रक गेला. मंगळवारी कामावरून आल्यावर मी घराची दारं-खिडक्या लावल्या, चौधरी काकूंना आधी सांगून ठेवलं, बदामी ॲम्प लावला आणि तोच सूर छेडला.

सूर आला. स्वच्छ, टणक, शिस्तीचा. आला, उभा राहिला आणि काम झाल्यासारखा निघून गेला.

मी तारा बदलल्या. वायर बदलली. ॲम्प बैठकीतून आतल्या खोलीत नेला, मग न्हाणीघराच्या दाराशी नेला. मांजर नव्हती म्हणून असेल, असाही एक विचार आला आणि मी शेजारची मांजर आणून त्याच्यावर बसवली. ती मला ओरबाडून गेली. पुढचे काही दिवस मी जेवायला बसलो की तोंडात घास घेऊन ॲम्पकडे बघत बसायचो. मनात म्हणायचो, जंगलाची हवा असेल, मातीचं अंगण असेल, माझीच त्या दिवशी समाधी लागली असेल. हे शेवटचं कारण मला सगळ्यांत जास्त आवडलं होतं.

"त्या दिवशी तुमच्या घरात असं काय होतं?" मी अखेर सुनंदाला विचारलं.

"काई नव्हतं," ती म्हणाली. "लाईनही नव्हती धड. संध्याकाळी सारे पंप चालू करतात धानाला पानी द्यायला. मी मिक्सर लावला तर नुसता हूं हूं करून राह्यला होता. शेवटी चटणी पाट्यावर वाटली. तुम्हाले बल्ब नाई दिसला काय, कसा मिणमिण करत होता?"

मी तिथूनच कोलकात्याला फोन लावला.

साहेब इतके हसले की त्यांना पाणी प्यायला जावं लागलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. व्हॉल्व्हच्या ॲम्पला वीज कमी मिळाली की त्याचा आवाज मऊ होतो, दबतो, श्वास घेतो. परदेशातले मोठमोठे गिटारवाले तेवढ्यासाठी वीज कमी करायचं वेगळं यंत्र घेतात आणि ते गुपित जिवापाड जपतात. मी फोन धरून थक्क होऊन ऐकत राहिलो. ज्या सुरासाठी ते लोक इतका खटाटोप करतात, तो आमच्या मामाजींच्या अंगणात रोज दिवेलागणीला आपोआप येत होता आणि गाव त्या कमी विजेला शिव्या देत होतं.

"और काला?" मी घाबरत विचारलं. "तो कसा वाजतो तिकडे?"

"अरे, फर्स्ट क्लास," साहेब म्हणाले. "फुल पॉवर पे वो राजा है."

ते यंत्र मागवावं असं मी म्हणालो, पण सुनंदानं "वीज कमी करायचं यंत्र" हे शब्द मला दोनदा उच्चारायला लावले, आणि दुसऱ्यांदा उच्चारताना माझाच आवाज मऊ होऊन दबला. त्यापेक्षा मी ॲम्प सासुरवाडीला नेऊन ठेवला. मग दर शनिवारी ब्रह्मपुरीची गाडी. संध्याकाळी पंप चालू झाले, बल्ब पिवळा पडला, की मी अंगणात बसायचो, गाव जमायचं आणि तो सूर यायचा. खरंच यायचा, दरवेळी, आणि दरवेळी माझ्या अंगावर काटा यायचा. मामाजी चार माणसांत सांगू लागले की जावई असावा तर असा, सासऱ्याला भेटल्याशिवाय त्याचा आठवडा जात नाही. सुनंदानं त्यांना काही सांगितलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

पावसाळ्याआधी एका दुपारी मामाजींचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"जवाईबापू, या शनिवारी लवकर या. गावाले नवीन डीपी भेटली. किती वर्षं झाले मांगून राह्यलो होतो. मोठा ट्रान्सफॉर्मर आहे. आता सारे पंप एकदम चालले तरी लाईन फुल्ल. उद्घाटनाले तुमचाच बाजा ठेवला. तुमच्यामुळंच तर गावात वाजवायचं चालू झालं."

मी गेलो. शाळेजवळ मांडव होता. डीपीला झेंडूचा हार घातला होता. सरपंचांनी नारळ फोडला, खटका वर केला, आणि गावातले सगळे बल्ब एकदम पांढरेशुभ्र झाले. लेकरं नाचायला लागली. बाया एकमेकींना सांगत होत्या की आता मिक्सर चालेल, कूलर चालेल. लोकांचे चेहरे असे उजळले होते की बघत राहावं. मग सगळे माझ्याकडे वळले आणि मी तो सूर छेडला.

आला. स्वच्छ, टणक, शिस्तीचा.

मी शेवटपर्यंत वाजवलं, पण मधेच माझे डोळे भरून आले आणि ते मला लपवता आले नाहीत. टाळ्या पडल्या. सासूबाई शेजारच्या बाईला कौतुकानं सांगत होत्या, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"पाह्य व, गावात लाईन आली तं आमच्या जवायाच्या डोयात पानी आलं. एवढी माया तं आमच्या पोरालेबी नाई."

सरपंचांनी तेवढ्यावर माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि मी तो घेतला.