हिंग-ओव्याची गोळी

चांगल्या साखरेचं वाटोळं करण्यात आमच्या कुंपणापलीकडच्या मावशींचा हात धरणारं साऱ्या नागपुरात कुणी नव्हतं. नातवंडांनो, तेव्हा आम्ही धरमपेठेत राहत होतो. सीताबर्डीच्या दुकानांत संत्र्याच्या फोडींसारख्या, लिंबाच्या, पेपरमिंटच्या गोळ्या मिळत. मावशींना त्या सगळ्या लबाड वाटत. त्या घरी कडक पाक करत, त्यात सुंठ, ओवा, काळं मीठ आणि वर हिंग घालत, आणि पाक गरम असतानाच तूप लावलेल्या तळहातांवर गोळ्या वळत. ती काळसर गोळी आधी गोड लागे, मग तिखट, आणि मग नाकातून हिंगाचा असा लोट येई की डोळे पुसावे लागत. गल्लीत दोन पक्ष होते: बरणी दिसताच हात पुढे करणारे आणि बरणी दिसताच फाटक लावून घेणारे. मी दुसऱ्या पक्षातली. पहिल्याच दिवशी मी मावशींना तसं तोंडावर सांगितलं, आणि तिथूनच आमची मैत्री झाली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवालासुद्धा त्या तिळगुळाऐवजी हीच गोळी हातावर ठेवत. "गोड बोलणारे लई झाले वं. हे खा अन् खरं बोल!" एका बड्या साहेबांच्या बायकोने नाक मुरडलं, "शी! हे काय भलतंच?" मावशी खूश झाल्या. "तू खरी बाई आहेस. घे, अजून एक घे, नवऱ्याले दे."

तुमच्या आईला पाहायला पहिलं स्थळ आलं, तेव्हा मी हात जोडून म्हटलं, "मावशी, आज तेवढी बरणी घरीच राहू द्या."

"काहून? पोरगी आमची नाही का?" आणि पोह्यांच्या मागोमाग त्या बरणीसकट हजर. मुलाने गोळी तोंडात टाकली आणि म्हणाला, "वा! अप्रतिम!" मंडळी गेल्यावर मावशींनी त्याच्या खुर्चीमागची क्रोटनची कुंडी तपासली आणि मातीतून गोळी उचलून मला दाखवली.

"पाह्य वं. हा तुह्या पोरीचीही अशीच वाहवा करन, अन् मागून थुकन."

तुमचे आजोबा भडकले. इतकं चांगलं स्थळ एका गोळीपायी घालवायचं? पण तुमची आई ठाम होती. "कुंडीत थुंकणाऱ्याच्या घरी मी जाणार नाही." नकार गेला, गोष्ट गावभर झाली, आणि पुढे बरेच दिवस आमच्या दारात कुणी फिरकलं नाही. पोरगी आता घरातच राहणार, असं नातेवाईक मला ऐकू येईल इतपत हळू बोलू लागले. मावशींनी मात्र हिंग चिमूटभरही कमी केला नाही.

मग तुमचे बाबा आले. या वेळी मी मावशींना काही सांगायला गेले नाही, उपयोग नव्हता. तुमच्या बाबांनी गोळी या गालातून त्या गालात फिरवली. डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या आई डोळे वटारून 'गीळ' म्हणून खुणावत होत्या. त्यांनी सर्वांदेखत ती बशीत काढून ठेवली आणि म्हणाले, "मावशी, राग मानू नका, पण ही गोळी भयंकर आहे."

तुमच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले. मावशींनी बरणीला झाकण लावलं.

"देऊन टाक वं पोरगी याले!"

आतल्या दाराआड तुमची आई खळखळून हसली. लग्न तिथेच ठरलं.

पुढे काही वर्षांनी तुमचे आईबाबा परदेशी निघाले, तेव्हा मावशी अंथरुणाला खिळल्या होत्या. नमस्काराला वाकलेल्या तुमच्या बाबांच्या हातावर त्यांनी एक गोळी ठेवली. ती बाबांनी तिथेच, पलंगाच्या कडेला बसून, पार विरघळेपर्यंत चघळली. "मावशी, छान झाली आहे," ते म्हणाले.

मावशींनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं.

"खोटं बोलून राहिला गा," त्या म्हणाल्या. पण बाहेर ऑटोवाला भोंगा वाजवत होता, तरी त्यांनी बाबांचा धरलेला हात काही सोडला नाही.