उजवा कौल

माझ्या पाठचे दोघे भाऊ पाळण्यातच गेले. तिसरा झाला तेव्हा आईने मरणालाच फसवायचं ठरवलं. ग्रामदेवाला नवस बोलून तिने त्याचं नाक टोचलं, केस वाढवले, चालू लागल्यावर परकर नेसवला आणि गावभर सांगितलं, "मला मुलगीच झाली." आमच्याकडे ही रीतच होती. मुलगा दिसला तर सटवी त्याला नेते, मुलीकडे ती बघतसुद्धा नाही म्हणे. मुलींची किंमत मला तेव्हाच कळली.

मूल कळतं झालं की देवळात केस उतरवून परकर सोडायचा. शेजारच्या एका मुलाचा सोडला तेव्हा तो आनंदाने तसाच नागडा पळाला होता. माझ्या भावाला मात्र परकर कधी जड झालाच नाही. तो अबोलीची वेणी करी, पोरींत फुगड्या घाली. भाकरी माझ्यापेक्षा गोल थापायचा आणि माझा जळफळाट व्हायचा. आई हसायची. तोवर सगळं हसण्यावारीच होतं.

बाबा मुंबईला गिरणीत होते. शिमग्याला बोटीने हर्णैला उतरून घरी यायचे. आले की म्हणायचे, "औंदा नवस फेडूया." पण नवस पुरा झाला का, हे देवाला विचारावं लागे. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. भाऊ आईच्या लुगड्यात तोंड खुपसून उभा राही. डावी पडली. पुढच्या वर्षीही डावीच पडली. त्या दिवशी आईने घरी येऊन खीर केली. नवस फिटला नाही म्हणून खीर करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग तो वाढला आणि हसणं संपलं. पोरं त्याला दगड मारू लागली, बायका विहिरीवर कुजबुजू लागल्या. आणि हाच गाव शिमग्याच्या खेळ्यांत लुगडं नेसून राधा झालेल्या बाप्याला टाळ्या पिटून नाचवायचा! मला आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबा दुष्ट नव्हते. पडवीत बसून ते आईला म्हणाले, "आपुन हाव तवर ठीक हाय. मागनं ह्येला कोन दारात उबा करंल?"

त्या शिमग्याला उजवी पाकळी पडली. न्हाव्याने तिथेच केस उतरवले, बाबांनी नाकातली वाळी काढली. भाऊ रडला नाही. बोडक्या डोक्यावर हात फिरवत त्याने मला विचारलं, "ताय, आता मी मरंन काय गो?"

परकर आहे म्हणून तू जगलास, हेच आम्ही त्याला जन्मभर सांगत आलो होतो.

बाप्यांत राहिला की सुधारेल, म्हणून बाबा त्याला मुंबईला घेऊन गेले. आम्ही हर्णैपर्यंत पोचवायला गेलो. बोटीकडे नेणाऱ्या पडावात बसल्यावर त्याने खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावरून घेतला. बाबांनी तो खाली ओढला. त्याने परत घेतला. दिसत होता तोवर त्यांचं तेच चाललं होतं.

दिवाळीला बाबा एकटेच आले. त्यांनी सांगितलं, मुंबईच्या खोलीतली माणसं पोराची टवाळी करायची. एकदा लाज अनावर होऊन बाबांनी त्याला सगळ्यांदेखत बडवलं. दुसऱ्या दिवशी तो नळावर पाण्याला गेला आणि परत आला नाही. बाबांनी सगळी मुंबई पालथी घातली होती. आईने एवढंच विचारलं, "मारलात त्येला?" बाबा "व्हय" म्हणाले.

पुढच्या शिमग्याला देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली. गुरव प्रत्येक घराचं गाऱ्हाणं देवापुढे मोठ्याने घालतो आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतो. आमची पाळी आली. बाबांनी गुरवाच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, असलं देवापुढं बोलत नाहीत.

मग बाबांनी टोपी काढली आणि स्वतःच बोलले, "देवा म्हाराजा, माजं प्वार परत येऊंदे. परकर नेसून आलं तरी मी त्येला घरात घेन. तसंच ठेवीन."

कोणी साथ दिली नाही. लुगडं नेसून राधा झालेला बाप्यासुद्धा खाली मान घालून उभा होता. बायकांनी गाऱ्हाण्यात बोलायची रीत नव्हती. तरी मागून आईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

गुरवाने पाकळ्या लावल्या. कौल उजवा पडला. बाबांनी तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

त्यानंतर दर शिमग्याला बाबा स्वतःच गाऱ्हाणं घालायचे, त्याच शब्दांत, आणि आईच्या जोडीला मीही ओरडून साथ द्यायचे. गाव गप्प राहायचा. भाऊ आला नाही.